जुन्या बीटलचा पत्रा ओळखताना : कुठला भाग कुठल्या सालचा?

माझ्या फोक्सवॅगन बीटलच्या कागदांवर १९६८ साल आहे. चासी नंबर ११८ ने सुरू होतो, म्हणजे तोही १९६८ च्या मॉडेलचाच. पुढचे दिवे उभे, चाकांना चार-चार बोल्ट. सगळं एकमेकांशी जुळत होतं, म्हणून मी निर्धास्तपणे १९६८ चं बॉनेट मागवलं. ते आलं. भावाला एका बाजूने धरायला लावून बिजागऱ्यांवर बसवलं आणि हळूच खाली सोडलं. काचेकडची कड छान बसली. खाली नाकाशी मात्र बोटं आरपार जातील एवढी फट. खटका तर खालच्या कुलपापर्यंत पोचलाच नाही. भाऊ म्हणाला, "जरा जोरात आपट." आपटून पाहिलं. पत्रा वाजला, बाकी काही झालं नाही.

विकणाऱ्याची चूक नव्हती. मी जे मागितलं तेच त्याने पाठवलं होतं. चूक माझी होती, कारण माझी गाडी एका सालची नव्हतीच. खालचा प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडीचा तळ, १९६८ चा आणि वरची बॉडी त्याच्या आधीची. कधीतरी कुणीतरी ही बॉडी उचलून त्या प्लॅटफॉर्मवर ठेवली होती. लाज वाटण्यासारखी गोष्ट पुढे आहे. गाडी घेतल्यापासून मी पेट्रोल भरायला दर वेळी बॉनेट उघडत होते. १९६८ च्या बीटलला पेट्रोलचं तोंड बाहेर, उजव्या अंगाला, काचेच्या जरा पुढे असतं. उत्तर रोज माझ्या हाताखाली होतं आणि मी कागद वाचत बसले होते.

ज्यांनी नुकतीच जुनी बीटल घेतली आहे किंवा पहिला मडगार्ड, पहिलं बॉनेट मागवायच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरण बीटलचं घेतलं कारण मला तीच ठाऊक आहे. पद्धत मात्र कुठल्याही जुन्या गाडीला चालते. शेवटी दुसऱ्या काही गाड्यांबद्दल थोडं लिहिलं आहे.

हे आधी जवळ ठेवा

कागद : नोंदणीची कागदपत्रं, आधीच्या मालकांची जुनी बिलं मिळाली तर ती, आणि तुमच्या मॉडेलची कंपनीची पार्ट्स कॅटलॉग. स्कॅन केलेली प्रत चालते. चासी नंबर एकदा नक्की झाला की फोक्सवॅगनच्या गावातल्या, जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या ऑटोम्युझियमकडून गाडीच्या जन्माचा दाखला मागवता येतो. त्यावर गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, कुठे पाठवली हे असतं.

हत्यारं : टेप, व्हर्निअर कॅलिपर, बॅटरी, छोटा आरसा, लोहचुंबक, तारेचा ब्रश, मऊ पेन्सिल आणि पातळ कागद, पुठ्ठ्याचे मोठे तुकडे, कात्री, मार्कर. मोबाइल असतोच, पण प्रत्येक फोटोत पट्टी ठेवून फोटो काढायची सवय लावा. नुसत्या फोटोवरून मोठी काच आणि छोटी काच सारखीच दिसते.

आणि एक वही. आठवड्याभराने नक्की काय पाहिलं होतं ते आठवत नाही, हा अनुभव आहे.

१. कॅलेंडरचं साल बाजूला ठेवा

१९५५ पासून फोक्सवॅगनचं मॉडेल साल ऑगस्टमध्ये सुरू होऊन पुढच्या जुलैत संपायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत कारखाना बंद असायचा. तो पुन्हा सुरू झाला की नव्या बदलांसह पुढच्या सालची गाडी बाहेर पडायची. म्हणजे ऑक्टोबर १९६७ मध्ये बनलेली बीटल ही '१९६८ चं मॉडेल' असते, आणि जून १९६७ मध्ये बनलेली '१९६७ चं मॉडेल'. दोन्हीच्या कागदांवर १९६७ असू शकतं, आणि या दोन गाड्यांचं बॉनेट, बंपर, मागचं (इंजिनाचं) झाकण, मडगार्ड, सगळं वेगळं आहे.

त्यात नोंदणीची तारीख म्हणजे गाडी विकली गेल्याची तारीख. बनल्यानंतर ती जहाजात आणि शोरूममध्ये किती महिने पडून होती ते कागद सांगत नाही.

या लेखात जिथे 'ऑगस्ट १९६४' असं लिहिलं आहे तिथे तो बदल १९६५ च्या मॉडेलपासून लागू, असं समजा. सुट्टे भाग विकणारे बहुतेक मॉडेल साल बोलतात. गाडी विकणारे कॅलेंडर साल बोलतात. दोघं एकाच फोन कॉलवर असले की मजा असते.

२. चासी नंबर वाचा, पण तो कशाचा नंबर आहे ते विसरू नका

मागचं सीट उचला. मधोमध जो उंचवटा पुढून मागे जातो, त्या टनेलवर नंबर ठोकलेला असतो. गंज आणि जुना रंग तारेच्या ब्रशने हलक्या हाताने काढा. ग्राइंडर लावू नका. ठोकलेला नंबर घासून पुसट झाला तर पुढे कागदपत्रांची कटकट होते. वर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवा, अंक उमटतात. हाच नंबर पुढच्या सामानाच्या खणातल्या पाटीवरही असतो. दोन्ही ताडून पाहा.

ऑगस्ट १९६४ ते जुलै १९६९ या काळातला नंबर नऊ आकडी असतो. पहिले दोन आकडे गाडीचा प्रकार सांगतात, ११ म्हणजे साधी बीटल, १५ म्हणजे उघड्या टपाची. तिसरा आकडा मॉडेल सालाचा शेवटचा आकडा. म्हणून ११५ ने सुरू झाला तर १९६५, ११८ ने सुरू झाला तर १९६८. ऑगस्ट १९६९ पासून नंबर दहा आकडी झाला आणि चौथ्या जागी २ आला, म्हणजे ११० २ असा सुरू होणारा नंबर १९७० च्या मॉडेलचा. ऑगस्ट १९६४ च्या आधीचा नंबर नुसता क्रमाने वाढत गेलेला आहे. त्यात साल लपलेलं नाही, ते याद्यांवरून शोधावं लागतं.

मी चुकले ते इथे. हा नंबर टनेलवर आहे आणि टनेल प्लॅटफॉर्मचा भाग आहे. बीटलची बॉडी त्या प्लॅटफॉर्मवर कडेकडेने बोल्ट लावून बसवलेली असते. हे बोल्ट काढले, वायरिंग, स्टिअरिंग आणि पेट्रोलची नळी सोडवली, की चार माणसं बॉडी उचलून बाजूला ठेवतात. खाली गंजलेला प्लॅटफॉर्म, वर धडकलेली बॉडी, अशा दोन गाड्यांतून एक गाडी करणं हे जगभर चालत आलेलं काम आहे. त्यात गैर काही नाही. मात्र चासी नंबर तुम्हाला फक्त प्लॅटफॉर्मचं साल सांगतो. पत्र्याचं साल पत्र्यालाच विचारायला हवं.

३. बोल्टवरचा भाग आणि वेल्ड केलेला भाग यात फरक करा

बीटलचे चारही मडगार्ड बोल्टवर बसतात. दोन्ही झाकणं, दरवाजे, बंपर, फूटबोर्ड, दिवे, सगळं सुटतं. डोळ्यांत पहिल्यांदा भरतं ते नेमकं हेच. पन्नास-साठ वर्षांत यातलं काय-काय बदललं गेलं असेल याची गणती नाही. माझ्या गाडीचे उभे दिवे कुणीतरी नंतर लावलेल्या मडगार्डांसोबत आले होते. चार बोल्टची चाकं प्लॅटफॉर्मसोबत आली होती. मी या दोघांवर विश्वास ठेवला.

म्हणून वहीत दोन रकाने करा. डावीकडे 'सुटणारं', उजवीकडे 'वेल्ड केलेलं'. उजव्या रकान्यात येतं : काचांच्या चौकटी, छत, दरवाज्यामागचा खांब, नाकाखालचा पत्रा, मागच्या झाकणाखालचा पत्रा, पेट्रोलच्या झडपेची जागा, सुटं चाक ठेवायचा खड्डा. बॉडीचं साल ठरवायचं ते या रकान्यावरून. डावा रकाना फक्त भाग मागवताना लागतो.

आता उजवा रकाना भरू.

४. काचा आणि खांब

मागची काच हा सगळ्यात सोपा पुरावा. मार्च १९५३ पर्यंत ती मधल्या पट्टीने दुभंगलेली, दोन तुकड्यांची. त्यानंतर जुलै १९५७ पर्यंत एकच अंडाकृती काच. ऑगस्ट १९५७ पासून रुंद, चौकोनी वळणाची. ऑगस्ट १९६४ ला ती आणखी मोठी झाली आणि ऑगस्ट १९७१ ला उंचीने ४ सेंटिमीटर वाढली. पहिले दोन प्रकार लांबूनच ओळखू येतात. नंतरचे तीन नुसत्या नजरेने सांगता येत नाहीत, तिथे टेप लागतो. रबरासकट मोजू नका. चौकटीच्या पत्र्यापासून पत्र्यापर्यंत मोजा, नाहीतर रबर फुगलेलं असेल तेवढी चूक.

ऑगस्ट १९६४ ला सगळ्याच काचा वाढल्या आणि खांब बारीक झाले. पुढची काच तोवर अगदी सपाट होती, तिला हलकासा बाक आला. ती सपाट आहे की नाही हे बघायला काचेवर आडवी स्टीलची पट्टी टेकवा. दरवाज्यातली छोटी तिकोनी काच बघा. तिच्यामागची दांडी सरळ उभी असेल तर १९६४ किंवा आधीचं मॉडेल, मागे कललेली असेल तर १९६५ किंवा नंतरचं. दरवाजा सुटतो, त्यामुळे हा पुरावा एकटा पुरेसा नाही. पण शेजारच्या चौकटीशी जुळला तर जोडी पक्की.

दरवाज्यामागच्या खांबात उभी खाच आहे का? तिथून पूर्वी वळणाचा दर्शक हात बाहेर यायचा. ऑगस्ट १९६० पासून तो गेला आणि पुढच्या मडगार्डवर इंडिकेटर आले. अमेरिकेत विकलेल्या गाड्यांवर हा हात १९५५ पासूनच नाही. खाच पत्र्याने बुजवलेली असू शकते, म्हणून आतल्या अंगाने हात फिरवा. बुजवलेल्या जागी वेल्डचे टिपके बोटांना लागतात.

मागच्या बाजूच्या खिडकीच्या मागे चंद्रकोरीसारख्या हवेच्या फटी असतील तर बॉडी ऑगस्ट १९७० नंतरची.

५. नाक

१९६८ च्या मॉडेलला बंपर वर सरकला. त्याच्यासाठी नाकाखालचा पत्रा उंच केला आणि बॉनेट तेवढं आखूड झालं. मागेही तेच, झाकण आखूड आणि खालचा पत्रा उंच. माझी बोटं ज्या फटीत गेली ती या बदलाची फट. लांब नाकाच्या गाडीवर आखूड बॉनेट, म्हणून खाली उघडं पडलं. उलट केलं असतं, आखूड नाकावर लांब बॉनेट ठेवलं असतं, तर ते खालच्या पत्र्यावर आपटून वाकलं असतं. ते जास्त महाग पडलं असतं.

याच वेळी पेट्रोलचं तोंड बॉनेटखालून बाहेर आलं. उजव्या अंगाच्या पत्र्यात झडप आली. पुढच्या काचेखाली हवा आत घेणाऱ्या फटीही तेव्हाच आल्या. ही दोन्ही कामं बॉडीच्या पत्र्यात आहेत, सुट्या भागात नाहीत. झडप आहे का, फटी आहेत का, बघायला दहा सेकंद लागतात. गाडी बघायला जाल तेव्हा हेच पहिलं बघा, नंतर चहा घ्या.

बॉनेटवर वोल्फ्सबुर्गचं चिन्ह असतं ते १९६२ च्या मॉडेलपर्यंतचं. ते आता नव्याने बनवलेलंही मिळतं आणि लोक हौसेने कुठल्याही गाडीवर लावतात. चिन्ह दिसलं म्हणून साल ठरवू नका. बॉनेट आतून बघा. भोकं कारखान्यातली असतील तर कडा स्वच्छ असतात. घरी ड्रिल मारलं असेल तर कडेला पत्र्याची चोच निघालेली असते.

६. मागची बाजू

अंडाकृती काचेच्या काळातल्या इंजिनाच्या झाकणावर इंग्रजी डब्ल्यूसारखा उठाव असतो. तो ऑगस्ट १९५७ ला गेला. ऑगस्ट १९६३ ला नंबर प्लेटवरचा दिवा रुंद झाला. १९६७ च्या मॉडेलला झाकण पुन्हा बदललं, नंबर प्लेट जास्त उभी राहू लागली. पुढच्याच वर्षी झाकण आखूड झालं. म्हणून १९६७ चं झाकण हे त्या एका सालचंच. १९६७ ची बीटल असणाऱ्यांनी हे वाक्य वहीत ठळक लिहून ठेवावं. त्या गाडीत असे 'एकाच सालचे' भाग बरेच आहेत आणि ते शोधताना धीर लागतो. अमेरिकेला गेलेल्या १९६७ च्या गाडीला उभे दिवे आहेत, युरोपातल्या त्याच सालच्या गाडीला कललेले. बंपर मात्र दोघींचा जुनाच.

ऑगस्ट १९६९ पासून काही मॉडेलच्या झाकणावर हवेच्या फटींचे दोन गट दिसतात, ऑगस्ट १९७१ पासून चार. पण झाकण दोन बिजागऱ्यांवर आहे, चार बोल्ट काढले की निघतं, आणि इंजिन तापतं म्हणून फटींचं झाकण लावून घेणारे कमी नाहीत.

७. मडगार्ड, दिवे, बंपर

हे सगळं डाव्या रकान्यातलं. इथे साल ओळखायचं नसतं, तुमच्या गाडीवर आत्ता काय बसवलेलं आहे ते नोंदायचं असतं.

पुढचा मडगार्ड : दिवा मागे कललेला आणि काचेच्या झाकणात असेल तर युरोपातल्या गाडीसाठी जुलै १९६७ पर्यंतचा. दिवा उभा असेल तर नंतरचा. वर इंडिकेटरचं भोक आहे का, अरुंद की रुंद, तेही लिहा. युरोपात ऑगस्ट १९७४ पासून इंडिकेटर बंपरमध्ये गेले, त्यामुळे त्या मडगार्डवर भोकच नाही. बंपरचा हात जिथून बाहेर येतो ती खाच १९६८ च्या मॉडेलला वर सरकली आहे. मडगार्ड बोल्टवर बसला, पण बंपर खाचेतून निघेना, असं झालं तर कारण हेच.

मागचा मडगार्ड दिव्यावरून ओळखा. ऑगस्ट १९६१ ला दिवा मोठा झाला, ऑगस्ट १९६७ ला आणखी मोठा, आणि ऑगस्ट १९७२ ला एवढा मोठा गोल झाला की जर्मनीत त्याला 'हत्तीचा पाय' असं नाव पडलं. हत्तीच्या पायासाठी मडगार्डचा पत्राच फुगवलेला आहे. तो दिवा जुन्या मडगार्डवर बसत नाही, भोकं जुळवली तरी नाही.

मडगार्ड आणि बॉडीच्या मधली रबरी पट्टी नवीन घ्या. जुनी वापरून वाचवलेल्या पैशात समाधान नाही.

लोहचुंबक इथे फिरवायचा. चिकटलाच नाही तर मडगार्ड फायबरचा. कुठे घट्ट, कुठे ढिला चिकटत असेल तर आत पुट्टी भरलेली आहे. पुट्टीखालचं मोजमाप खरं नसतं, म्हणून मोजायचं ते आतल्या बाजूने.

८. तुमची बीटल 'सुपर' आहे का?

ऑगस्ट १९७० पासून साध्या बीटलच्या शेजारी १३०२ आली आणि ऑगस्ट १९७२ पासून तिच्या जागी १३०३. या दोघींना 'सुपर बीटल' म्हणतात. यांच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये टॉर्शन बारऐवजी (पिळणाऱ्या दांड्यांऐवजी) मॅकफर्सन स्ट्रट (उभे स्प्रिंगचे खांब) आहेत. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २,४०० मिलिमीटरचं २,४२० झालं आणि नाक लांब, फुगीर झालं. बॉनेट उघडलं की लगेच कळतं. सुटं चाक तिरकं उभं असेल तर साधी बीटल, खाली जमिनीला समांतर आडवं असेल तर सुपर.

सुपरचं बॉनेट साध्या गाडीवर चालत नाही, साध्याचं सुपरवर नाही. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे की १३०२ चं बॉनेट १३०३ वरही चालत नाही. १३०३ ची पुढची काच चांगलीच गोलाईची आहे, ती पुढे सरकली, त्यामुळे बॉनेटची काचेकडची कड आखूड झाली. 'सुपर बीटलचं बॉनेट' एवढ्यावर मागणी नोंदवू नका. काच सपाटसर की गोल, ते सांगा.

९. भागाचा नंबर वाचायला शिका

फोक्सवॅगनच्या मूळ भागाचा नंबर तीन-तीन आकड्यांच्या तीन गटांत असतो. पहिला गट मॉडेलचा. ११३ म्हणजे डावीकडे स्टिअरिंग असलेली बीटल, ११४ म्हणजे उजवीकडे असलेली, १५१ म्हणजे उघड्या टपाची. अमुक भाग पहिल्यांदा कोणत्या मॉडेलसाठी बनला, ते हा गट सांगतो. तुमच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीवरही ११३ चे भाग असतात, त्यात दचकण्यासारखं काही नाही.

मधल्या गटाचा पहिला आकडा ८ म्हणजे बॉडी, ९ म्हणजे विजेचं काम. ८२१ पुढचा मडगार्ड, ८२३ बॉनेट, ८२७ मागचं झाकण, ८३१ दरवाजा, ९४५ मागचा दिवा. शेवटच्या गटात विषम आकडा डावीकडचा, सम आकडा उजवीकडचा. म्हणजे ११३ ८२१ ०२१ हा डावा पुढचा मडगार्ड आणि ०२२ उजवा. डावं-उजवं नेहमी गाडीत बसून पुढे बघताना. समोर उभं राहून फोनवर 'डावा' म्हणून मागवलेले मडगार्ड मी एकाहून जास्त गॅरेजांत भिंतीला टेकवलेले पाहिले आहेत.

नंबरच्या शेवटी ए, बी, सी असं अक्षर असेल तर तो भाग नंतर सुधारला गेला आहे. सालाचा फरक बहुतेक वेळा या एका अक्षरात असतो. विक्रेते नेमकं तेच अक्षर लिहायचं विसरतात. तेव्हा त्या अक्षराचा फोटो मागा.

१०. मोजा, साचा काढा, मग मागवा

पुठ्ठा गाडीवर धरून कडेची रेघ मारा, कापा, पुन्हा धरून बघा. बॉनेटसाठी नाकाचा साचा, मडगार्डसाठी बोल्टच्या भोकांची ओळ, दिव्यासाठी भोकांची मापं. हे साचे जपून ठेवा. दुसऱ्या गावाहून भाग येणार असेल तर साच्याचा पट्टीसह फोटो पाठवा आणि समोरच्याला तशीच मापं घ्यायला सांगा. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका. बॉनेटसाठी मी आता तीन मापं मागते : मधोमध लांबी, काचेकडची रुंदी, आणि बिजागरीच्या भोकांपासून खालच्या टोकापर्यंतचं अंतर. आधी हे तिसरं माप मागितलं असतं तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

आलेला भाग रंगवायच्या आधी गाडीवर बसवून बघा. रबर, बीडिंग, कुलूप, सगळ्यासकट. रंगवलेला भाग कोणी परत घेत नाही. भोक पाडलेला तर मुळीच नाही.

११. बोलण्यातले सापळे

'सगळ्यांना बसतं.' बीटलचा पत्रा लांबून वर्षानुवर्षं एकसारखा दिसतो, म्हणून हे वाक्य खरं वाटतं. या गाड्या २ कोटी १५ लाखांहून जास्त बनल्या, शेवटची मेक्सिकोत ३० जुलै २००३ ला. एवढ्या काळात एकही पत्रा न बदलता राहील कसा?

'६५ ते ७१ चा दरवाजा.' काचेच्या आकारापुरतं हे बरोबर आहे. कुलपाची यंत्रणा मात्र १९६७ च्या मॉडेलला बदलली आणि १९६८ च्या मॉडेलला हँडलच्या आत बोटाने ओढायचा खटका आला. दरवाजा चौकटीत बसेल, खांबावरच्या खटक्यात अडकणार नाही.

'ब्राझीलचा आहे, नवाकोरा.' ब्राझीलमध्ये बनलेल्या बीटलनी १९६५ आधीच्या लहान खिडक्या शेवटपर्यंत ठेवल्या. म्हणजे १९८० नंतर बनलेला दरवाजा १९६३ च्या गाडीला जवळचा, १९७० च्या गाडीला परका. भाग कधी बनला यापेक्षा कुठे बनला हे आधी विचारा.

'चाकावर साल ठोकलंय.' ठोकलेलं असतं हे खरं. मूळ चाकांवर महिना आणि साल सापडतं. पण ते चाकाचं साल.

१२. दुसरी गाडी असेल तर

रकाने तेच, पुरावे वेगळे. मिनीच्या पहिल्या दोन पिढ्यांना दरवाज्याच्या बिजागऱ्या बाहेर असतात आणि खिडक्या सरकत्या. १९६९ च्या अखेरीस मार्क ३ मध्ये बिजागऱ्या आत गेल्या, काचा हँडलने खाली-वर होऊ लागल्या. १९५५ ते ५७ च्या शेवरलेटमध्ये पेट्रोलचं तोंड शोधा. १९५५ ला मागच्या डाव्या अंगावर साधी झडप, १९५६ ला डाव्या टेललाइटच्या मागे लपवलेलं, १९५७ ला मागच्या डाव्या टेलफिनच्या (पंखासारख्या उठावाच्या) क्रोमच्या पट्टीत. पोर्श ९११ चा व्हीलबेस १९६९ च्या मॉडेलला २,२११ वरून २,२६८ मिलिमीटर झाला. मागच्या चाकाची कमान मागे सरकली, म्हणून आधीच्या गाडीचा मागचा पत्रा नंतरच्या गाडीला जुळत नाही. आणि उजव्या मागच्या अंगावर तेलाची झडप दिसली तर ते १९७२ चं मॉडेल, त्या एका सालचंच.

अमेरिकन गाड्यांत मॉडेल साल शरद ऋतूत बदलतं, पण त्यालाही अपवाद आहेत. पहिली मस्टँग १७ एप्रिल १९६४ ला बाजारात आली. लोक तिला 'साडेचौसष्ट' म्हणतात. कंपनीच्या हिशेबात ती १९६५ चीच.

माझं आखूड बॉनेट वर्षभर गॅरेजच्या छताला दोरीने टांगून ठेवलं होतं. मग एक जण १९७० ची साधी बीटल घेऊन आला. मी आधी त्याच्या गाडीची पेट्रोलची झडप पाहिली, सुटं चाक पाहिलं, नाकावर पुठ्ठा धरला. मग बॉनेट उतरवून बिजागऱ्यांवर बसवलं. दोन बोटांनी दाबलं आणि खटका लागला. त्याच्याकडे एक लांब बॉनेट होतं, चुकून घेतलेलं. ते आता माझ्या गाडीवर आहे.